संदर्भसूचीतली मोकळी जागा

रविवारी दुपारी आमटीभातावर ताव मारून वृंदा गवाणकर संगणकासमोर बसते खरी, पण डोळे कुठले ऐकतायत! पडद्यावर तिचा तक्ता आहे: अर्थशास्त्रात कोणत्या देशाच्या संशोधनाचा संदर्भ जगाने किती वेळा घेतला. अमेरिका सगळ्यांत वर, भारत बराच खाली. टेबलावर केळुसकर सरांच्या कागदांचं गाठोडं. सरांना जाऊन महिना झाला, त्यांच्या पत्नीने कालच ते पाठवलंय. ते सोडायचा तिला धीर होत नाही.

आकडे हलायला लागतात आणि कुडाळचा आठवडी बाजार भरतो. फडक्याफडक्यावर एकेका देशाचे संदर्भ, सुक्या मासळीसारखे वाटे लावून ठेवलेले. सर खांद्याला पिशवी अडकवून त्यांतून चालतायत. तीस वर्षं त्यांनी ह्याच बाजारात बायकांना भाव विचारले, टिपून ठेवले आणि सगळं मराठीत छापलं.

"आपला वाटा कुठला गं?"

"तो कडेचा, सर."

"एवढासाच? आणि त्यात माझे किती?"

"एकही नाही. मराठी नियतकालिकं मोजतच नाहीत, सर."

"अगं, पण तू तर इंग्रजीत लिहिलंस ना?"

बाजार नाही. रुग्णालयाची खोली आहे, सर खाटेवर बसलेत आणि हातात तिचा गेल्या वर्षीचा निबंध. सगळा सरांच्या टिपणांवर उभा केलेला. परीक्षकाने कळवलं होतं, ‘हा मराठी स्रोत कुणाला तपासता येणार नाही, काढा.’ तिने मुकाट्याने काढला. वर छापील प्रत सरांना पाठवली, आणि त्यांचा निरोप आला होता, ‘छान झालाय.’

"तुम्ही... शेवटपर्यंत वाचलात?"

"आपल्यात निबंध पुढून वाचतं कोण? आधी मागचं पान. आपलं नाव बघायचं, मग बाकीचं." सर हसतात. "दोनदा पाहिलं. म्हटलं, चष्माच बदलायला झालाय."

"मग बोलला का नाहीत? चार शिव्या तरी घालायच्या होत्यात, सर!"

"किती हौसेने पाठवला होतास."

सर शेवटच्या पानावर खोडरबर घासतायत. दोन नावांच्या मध्ये पेन्सिलीची खूण आहे, सुटलेला शब्द दाखवायला करतात तशी.

"खोडू नका. राहू दे ना."

"गाठोडं सोडशील तेव्हा तुला दिसायला नको."

वृंदा दचकून उठते. शेजारच्या घरात चहाची भांडी वाजतायत. ती गाठ सोडते. निबंध वरच आहे. मागच्या पानावर एकही खूण नाही, फक्त सरांचं नाव यायला हवं होतं तिथे कागद खरबरीत झालाय, आणि घडीत खोडरबराचा चुरा.

तिला रडू फुटतं. ती पेन्सिल घेते, तिथेच पुन्हा खूण करते आणि सरांचं पूर्ण नाव लिहिते, त्यांच्या बाजाराच्या पाहणीच्या नावासकट. पण ह्या प्रतीला वाचक एकच होता.