निळ्या काचेतले तारे
कपाट आवरताना बाबांची निळी काच हाती लागली आणि पोस्टर रंगांचा वास आठवला. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होते. वितळलेलं लोखंड त्या काचेतून बघून ते किती तापलंय हे ओळखायचे. मी आठवीत होते. विज्ञान प्रदर्शनासाठी ताऱ्यांचा तक्ता केला होता, पुस्तकात होतं तसाच: निळे तारे सर्वांत गरम, लाल सर्वांत थंड. आदल्या संध्याकाळी शेजारची मैत्रीण तो बघून म्हणाली, "उलटं करून ठेवलं तू. लाल गरम असते." आम्ही सगळ्या मुली कारखान्यात लोखंडावरची तापलेली मळी बाहेर ओतली की लाल होणारं आभाळ बघत वाढलेल्या, त्यामुळे मलाही पुस्तकाचा भरवसा वाटेना. रडकुंडीला येऊन मी ब्रश लाल रंगात बुडवला, तेवढ्यात बाबा ड्युटीवरून आले. बुटांचे बंद सोडता सोडता त्यांनी तक्ता वाचला. "बरोबर तं आहे. लोखंड लाल झालं म्हंजे थंड होऊन राहिलं. पांढरं असते तवा समोर उभं राहवत नाही. निळं मी पाह्यलं नाही, पण ते त्याच्याही वर असंन." माझा जीव भांड्यात पडला. तक्त्याच्या खाली लिहिलं होतं, की आपला सूर्यही म्हातारपणी फुगून लाल होईल. ते वाचून बाबा म्हणाले, "आता पिवळा आहे ना? मंग त्याची ड्युटी लय बाकी आहे." बाबा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी पडदा सारला की सूर्य अजून पिवळाच आहे ना, एवढं मी बघून घेते.