तांब्याची तार आणि भंगारातली मोटर

लेकीनं ती मोटर घरी आणली तेव्हा मी साठीतली अल्लड बाई होते. आता सत्तरीला टेकलेय, थोडीफार अक्कल आलीय, म्हणून त्या बाईला हसायला मोकळी आहे.

लेक सासर सोडून माहेरी आलेली. आयटीआय शिकलेली, हाताला वळण चांगलं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर आमचं हळदीचं रान. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या मोठ्या ढोलात फिरवून घासली की चकाकते. गावात तो ढोल ट्रॅक्टरवर फिरायचा. लेकीच्या मनात आलं, आपण मोटरवर फिरवू, गावाची हळद घासून देऊ आणि इथंच राहू. म्हणून तिनं नांदेडच्या भंगारातून एका हायब्रिड गाडीची मोटर उचलली. ती गाडी पेट्रोलवरही चालायची, बॅटरीवरही. पुढून धडधाकट, मागून चेंदामेंदा. मागं कोण बसलं होतं, असं लेकीनं विचारलं तर भंगारवाला म्हणाला, “मत पूछो, बहन.”

हे तिनं घरी येऊन सांगायला नको होतं.

ओसरीत पोत्यावर ठेवलेल्या मोटरच्या दांड्याला मी भर दुपारी बोट लावलं. घरात कोणी नाही, बाहेर कावळासुद्धा गप्प. दांडा जरासा फिरला, अडला. परत जरासा फिरला, अडला. आजाऱ्याची नाडी लागावी तसं बोटाला लागत होतं. वायर तर कशालाच जोडलेली नव्हती. आमची अल्लड बाई पायात चप्पल न घालता तापल्या मातीतून शेजारच्या म्हातारीकडं पळाली.

“मेलेल्या माणसाच्या गाडीतलं हाय न्हवं? मंग बांधून टाक तांब्यानं,” म्हातारी म्हणाली.

लेकराच्या मनगटात नाही का आपण तांब्याचं कडं घालत, तसं. आता मोटरला मनगट कुठून आणायचं? तिच्या पोटातून तीन जाड वायरी बाहेर आल्या होत्या. त्यांची उघडी टोकं एकत्र धरून मी तांब्याची तार गच्च आवळली आणि हळदकुंकू वाहून मोकळी झाले.

संध्याकाळी लेक दांडा फिरवायला गेली. फिरेना. जोर लावला तेव्हा वळला, पण अगदी हळू, आतून कोणी धरून ठेवल्यासारखा. तिचा चेहराच उतरला. मग तिला तार दिसली आणि ती हसत सुटली.

“माय, काय करून ठेवलंस हे! आत चुंबक हाय. तिन्ही टोकं एकमेकाला टेकली की मोटर सोताच सोताला धरते. सोडली की मोकळी.”

तिनं सोडून दाखवलं, बांधून दाखवलं. मला कळलं ते एवढंच, की आत कोणीतरी आहे आणि बांधलं की ते धरतं.

आमचे मालक खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, “आपल्या हळदीवर एक डाव चालवून पाय. काही झालं तर ही भंगारात, अन् तू सासरी.”

मोटरच्या दांड्याला बसेल असा जोड बाजारात मिळत नव्हता. तिनं त्याच गाडीच्या गिअरचा खाचांचा तुकडा कापला, त्याला लोखंडी नळी वेल्ड केली, दोनदा वाकडी बसली म्हणून दोनदा तोडली. मग साखळी, दातेरी चाकं, मोटरला वीज देणारी पेटी, आणि एकदाचा ढोल जोडला.

चालवला तोही दुपारीच. ट्रॅक्टर असता तर अंगण हादरलं असतं. इथं एवढा मोठा ढोल मुक्यानं फिरत होता, आत फक्त हळदीची सळसळ, आणि पिवळ्या धुळीत आम्ही तिघं. मला तो आवाज कुजबुजीसारखा लागत होता.

मध्येच आत पोत्याचा तुकडा अडकला. लेकीनं ढोल थांबवला, खाली लाकडी टेकू लावला, मोटरच्या तिन्ही वायरी पेटीतून सोडवल्या आणि ढोलाचं दार उघडलं. उघडी टोकं दिसल्याबरोबर मी तार घेऊन वाकले.

“बांध बाई, होऊ दे तुझं समाधान,” असं म्हणत तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला.

मी तारेला शेवटचा पीळ दिला, तोच टेकू सटकला.

सगळी हळद ढोलाच्या एका अंगाला होती. दाराची कड लोखंडी खांबाला घासून जाते आणि मधे लेकीचा हात. ढोल गरकन फिरायला हवा होता. तो फिरला, पण झोपलेलं लेकरू अंथरुणावर ठेवावं तसा, हळूहळू. लेकीनं हात काढून घेतला. तरीही तो आपल्या सावकाशीनं खाली येत राहिला, कड खांबापाशी आली, पुढं गेली, थांबली. जाळीतून थोडी हळद गळली, तेवढाच काय तो आवाज.

मालकांनी सटकलेला टेकू उचलून परत जागेवर लावला. म्हणाले, “ते... कायमचं बांधता येतं का?”

“खटका बसवते. ओढला की टोकं जुळतील.”

“बसव.”

“अन् मी?”

“तू कुठं चाललीस? हळद कोण घासंल?”

आज गावाची हळद आमच्या अंगणात घासली जाते. लेकीनं तो खटका बसवला, आणि ढोलाचं दार उघडण्याआधी तो ओढायचं काम माझ्याकडं आहे. चुंबकाचं सगळं मला आता पाठ आहे, हळद घेऊन येणाऱ्या पोरींना समजावूनही सांगते. फक्त खटका ओढताना हळूच म्हणते, “धर रे बाबा.”

पूर्वी लेक यावर हसायची. आता माझं म्हणून होईस्तोवर थांबते, मगच हात आत घालते.