अडखळणारी डिस्क आमची

मी पोळ्या लाटत होते आणि बाहेरच्या खोलीत आमच्या गणपतीतलं तेच नाटुकलं पुन्हा पुन्हा लागत होतं.

"अहो, पुरे आता! संवाद पाठ झाले माझे."

"प्रत्येक डिस्क तपासल्याशिवाय लोकांना कशी देऊ?" हे म्हणाले.

कोलकात्यात बदलीवर आलेल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमांचं शूटिंग हेच करायचे. डिस्कही घरीच बनवायचे. जी प्लेअरवर अडखळेल ती आमच्यासाठी ठेवायचे, चांगल्या वाटून टाकायचे. मी चिडायचे.

आता हे नाहीत. काल संध्याकाळी मी आमची डिस्क लावली. शेवटाकडे ती नेहमीसारखी अडकली. खालच्या मजल्यावरच्या बंगाली वहिनी, आमच्या बौदी, शेजारी बसल्या होत्या.

"दीदी, दादा ने हमको भी दिया था," म्हणाल्या आणि त्यांची डिस्क घेऊन आल्या.

ती न अडखळता पुढे गेली. नाटुकलं संपलं, कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला आणि सतरंजीची घडी घालणारे हे दिसले. "अरे, माझं काय काढतोस?" म्हणून हसले. त्या पोळ्यांच्या सकाळी हा शेवटचा भाग बाहेर लागला तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते.

"आप रख लीजिए," बौदी म्हणाल्या.

तुमच्याकडे आहेत का कुणी घरी बनवून दिलेल्या डिस्क? एकदा लावून बघा.

चांगली डिस्क यांनी बौदींना दिली होती, ती त्यांचीच. मला पाहावंसं वाटलं तर एक जिना उतरायचा आहे. आज सकाळी ती मऊ फडक्याने पुसली आणि त्यांना परत देऊन आले.