दोन सेकंद थांबलेली गल्ली

दुसऱ्याच्या कामासाठी स्वतःचा चालता माग दोन सेकंद थांबवायला तुम्हाला किती धैर्य लागेल? मधुकाकांना जाऊन महिना झाला, आणि हा प्रश्न मला सोडत नाही.

काका भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि आमच्या कोष्टी गल्लीतच राहत. तलावातल्या दगडांवरचा बुळबुळीत थर खरवडून आणायचा, आम्लात उकळायचा आणि उरलेल्या डायटमचे सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचे, हा त्यांचा ध्यास. डायटम म्हणजे काचेचं कवच घालून जगणारं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. पण मागांच्या दणक्यानं जमीन थरथरे आणि फोटो पुसट येई. म्हणून काका दारातून ओरडत, "थांबा हो!" सगळी गल्ली थांबे. भिंतीपलीकडून साळूबाई विचारी, "काय मास्तर, हासला का तुमचा किडा?"

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तलावातले मासे मरू लागले. सूत रंगवणाऱ्या शेठच्या रंगखान्याचा नाला तलावातच पडे. शेठ म्हणे, उन्हानं मरतात. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. लगेच मजकूर लिहून नेला. काकांनी तो बाजूला सारला. "तुह्यं पत्रक हाललं तं चालते रे. माहा फोटो हाललेला नाही चालत."

नाल्यापासून दूर, वरच्या घाटावरच्या थराच्या फोटोत कवचांची नक्षीच नक्षी होती. नाल्याच्या तोंडच्या थराचा फोटो काढायच्या सकाळी शेठचा दिवाणजी गल्लीत येऊन उभा राहिला. "ज्याचा माग थांबन, त्याले उद्यापासून सूत नाही!" गल्लीतलं सगळं सूत शेठचंच होतं.

"थांबा हो!" ... खटखट चालूच. काका कॅमेऱ्याच्या खटक्यावर बोट ठेवून, श्वास रोखून बसलेले. मी उठू लागलो, तर डोळ्यांनीच मला खाली बसवलं. मग भिंतीपलीकडचा आवाज तुटला.

"काहून थांबली व साळू?" दिवाणजी ओरडला.

"त्या तलावाचं पाणी आमी पेतो, तुहा शेठ नाही पेत!"

एकेक माग थांबत गेला ... खटका वाजला.

त्या फोटोत मोडकी कवचं होती, बाकी सगळं रिकामं. दोन्ही फोटो कचेरीत शेजारी ठेवल्यावर शेठला नाला वळवावा लागला. पहिला माग थांबवणाऱ्या साळूबाईचं सूत मात्र कायमचं बंद झालं. ती विड्या वळू लागली.

आता रंगखान्यानं तोच नाला पुन्हा तलावात सोडला आहे. काकूंनी सूक्ष्मदर्शक माझ्या हवाली केला. तो अजून त्याच खोलीत, त्याच टेबलावर आहे, आणि गल्लीतले माग चालू झाले की तसाच थरथरतो. येत्या रविवारी सकाळी मी नाल्याच्या तोंडच्या थराचा फोटो काढणार आहे. गल्लीकरांनो, कुणी ना कुणी दिवाणजी याही वेळी उभा असेल. हाक ऐकू आली की माग थांबवा.