घड्याळाखालचं मनगट

खुनाच्या केसेस विसरलो, पण पनवेलची एका प्लास्टिकच्या घड्याळाची केस विसरता आली नाही. मी सातवी शिकलेला, शिपाई म्हणून भरती होऊन जमादार झालो. सजवून लिहिता येत नाही. घडलं तसं सांगतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तळोज्याच्या कारखान्यातल्या एका सुपरवायझरला हमरस्त्यावर दोघांनी मारहाण करून त्याचं घड्याळ नेलं. काळं, जाडजूड, आकडे दिसणारं. दगडावर आपटलं तरी न बिघडणारं. चौथ्या दिवशी टपरीवाल्या खबऱ्याने सांगितलं, "वीटभट्टीवरच्या एका कातकऱ्याच्या हातात तसलंच आहे, जमादार."

उचलून आणला. घड्याळ मीच त्याच्या हातातून काढून घेतलं. फिर्यादीने बघितलं न बघितलं तोच म्हणाला, "हेच माझं."

"काय रे, कुठलं विमान पकडायचं होतं?" आमच्या शिपायाने विचारलं. सगळे हसले.

"वेळ वाचता येते का?" मी विचारलं.

"नाय साहेब. पन पाच वळखतो. पयला पाच दिसला का सुट्टी. मुकादम अंधार पडस्तोवर राबवायचा, म्हनून घेतला बाजारात."

"पावती?"

"कसली पावती?"

ज्याला आकडे वाचता येत नाहीत तो घड्याळ कशाला घेईल? एवढ्यावरच मी चोरीचं ठरवलं. दोन कानफटात दिल्या. तो तेच सांगत राहिला. बाहेर पायरीवर त्याची बायको बसून होती. संध्याकाळी अटक दाखवून दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा करायचा होता. जामीन द्यायला त्याचं कोण होतं? महिनोन्महिने आत सडला असता.

दुपारी पोलीस लाइनीत जेवायला गेलो. आमची ही भाकरी थापत होती. बांगड्या वर सारलेल्या, खाली मनगटावर गोरी रेघ. मी बघतच राहिलो.

"काय बघताय? भाकऱ्या थापताना कधी बघितलं नाही?"

ताट तसंच ठेवून उठलो. आता ती नाही. त्या मनगटांना शेवटचं पाणी मीच घातलं.

ठाण्यात येऊन त्या माणसाचा हात उजेडात धरला. उन्हाने काळ्या पडलेल्या हातावर फिकट पट्टा, मधोमध घड्याळाएवढा चौकोन. घड्याळ ठेवून बघितलं, बरोबर बसलं. चार दिवसांत असा वण पडत नाही, उन्हाळे जावे लागतात. फिर्यादीला बोलावून दाखवलं.

"अहो, असली घड्याळं सगळी सारखीच दिसतात," म्हणाला आणि निघून गेला. खरे चोर काही सापडले नाहीत.

साहेबांना सांगून घड्याळ परत दिलं, अंगठा घेतला. त्याची बायको म्हणाली, "बांध ना."

"नको. हातात दिसला का परत कोन तरी धरंल." त्याने ते तिच्या पदरात टाकलं.

"मग सुट्टी झालेली कशी कळणार रे?" मी विचारलं.

"मुकादम सांगंल तवा."

स्टेशन डायरीत 'चौकशी करून सोडले' अशी नोंद केली. घरी सगळं सांगितल्यावर हिने एवढंच विचारलं, "माफी मागितलीत का?"

"पोलीस कधी माफी मागतात का?"

घड्याळ मी नीट बघितलं होतं, ज्याच्या हातात होतं त्याला बघितलं नव्हतं. पुढे नोकरीत ती चूक परत केली नाही. माफी मात्र राहिली ती राहिलीच.