अक्काला दिसलेली हिरवी साडी

माझं माहेर धुळ्याकडचं आणि सासर रावेरकडचं. दोन्ही खानदेशच, पण बोली वेगळी. मी ‘आहे’ला ‘शे’ म्हटलं की सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसेनात का! माझी जीभही काही मऊ नव्हती, मी त्यांच्याच नकला करून त्यांना दाखवायची. जपून असायची ती फक्त सासूसमोर. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हाच तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. पहिल्या दिवशी तिनं माझं तोंड हातानं चाचपलं आणि म्हणाली, “नाक बरं आहे पोरीचं.”

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा गावात तो डोळेवाला आला. कुठला, कोण, कुणाला ठाऊक नाही. देवळापुढच्या लिंबाखाली बसायचा आणि सुईनं मोतीबिंदू उतरवायचा. डोळ्यात सुई घालायची, आतला पांढरा मोती खाली ढकलायचा, की झालं. सरकारी दवाखान्यात चाकू लावतात, पाठीवर कितीतरी दिवस निजवून ठेवतात, याची लोकांना भारी धास्ती. त्यापुढे सुई म्हणजे काहीच नाही. त्यानं अक्काचा उजवा डोळा उतरवला आणि तिथल्या तिथे तिच्यापुढे केळीचं पान धरलं. अक्का ओरडली, “पान! केळीचं पान!” सगळं देऊळ टाळ्या वाजवायला लागलं. त्यानं पैशाला हात लावला नाही. म्हणाला, “अक्का, तुला दिसलं म्हणून चार लोकांना सांग. तेच माझे पैसे.”

आणि अक्कानं सांगितलं हो! तिचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. भाऊबंदांची भांडणं तिच्या ओसरीवर मिटायची. घरी आल्यावर तिनं आधी मला उजेडात उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “काळीच आहे की वं तू! मले कोनी सांगितलं नाही.” मी हसून हसून खाली बसले. त्या महिन्याभरात ती घरातलं भांडं न् भांडं उचलून पाहत होती. लोक यायचे, विचारायचे. अक्का म्हणायची, “हातच्या कांकणाले आरसा कायले? मले पाहा ना.” मग ते डोळेवाल्याकडे जायचे. तो गेला, पण यात्रेला परत येतो असं सांगून गेला.

पुढे मला काहीतरी खटकायला लागलं. अक्काचा तो डोळा लाल दिसायचा, त्यातून पाणी वाहायचं. विचारलं तर म्हणायची, चुलीचा धूर लागला. चुलीपाशी तर मी बसायची! चालताना तिचा हात पुन्हा भिंतीला लागायला लागला. नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्यावरच डाफरला, “तुला आईचं बरं झालेलं पाहवत नाही का?” मी मात्र त्या डोळ्यावर नजर ठेवून राहिले. कारण तोवर अक्काची कीर्ती माझ्या माहेरापर्यंत पोचली होती, आणि माझ्या बापानं निरोप धाडला होता की यात्रेला येतो, डोळा उतरवून घेतो.

माझ्या बापाला एकच डोळा होता. दुसरा तरुणपणीच बैलाच्या शिंगानं गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू धरत होता, पण अजून तो एकटा शेतात जायचा, बैल जुंपायचा, माणूस ओळखायचा. मी किती वेळा म्हटलं होतं, धुळ्याला दवाखान्यात दाखवा. तर म्हणायचा, “चाकू नको, माय. विहीणबाईंनी सुई घेतली ना, मीबी तीच लिसू.”

यात्रेत त्या वर्षी तंबूतला सिनेमा आला होता. आमच्या गावात पहिल्यांदाच. खेळ आंधळ्या बाईचा आहे असं कळल्यावर अक्का हटूनच बसली. दिवेलागणीला आम्ही गेलो. मधे दोर बांधलेला, इकडे बायका, तिकडे पुरुष. डोळेवाला परत आला होता तसा माझा बापही आला होता, तो दोराच्या पलीकडे बसला. बायकांनी अक्काला मान देऊन पुढे जागा केली. पडद्यावर एक आंधळी सून होती. नवरा परगावी, आणि दुसराच कोणी नवऱ्याच्या आवाजात बोलून तिला फसवत होता. ती बिचारी त्या आवाजावर विश्वास ठेवून मागे मागे जायची. बायका रडत होत्या, त्या मेल्याला शिव्या देत होत्या.

अक्का तर मोठ्यामोठ्यानं सांगत सुटली. “पाह्य वं, कशी जाऊन रायली त्याच्या मांगं!” आणि मग शेजारणीच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, “साडी किती हिरवीगार आहे पाह्य तिची! अन् चोळी लाल!”

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ना हिरवं होतं ना लाल. सगळं राखाडी. शेजारीण हसली, तिला वाटलं अक्का कौतुकानं बोलतेय. पण मी धुळ्याला सिनेमा पाहिलेला होता. अक्काचे डोळे गेले तेव्हा आमच्या भागात तंबू आलाच नव्हता. तिनं फक्त ऐकलं होतं की पडद्यावर खरीखुरी माणसं दिसतात. खऱ्या माणसांना रंग असतात, म्हणून तिनं रंग दिले. मी माझा तळवा तिच्या डोळ्यांपुढे धरला. पापणी हलली नाही.

तिच्या कानाशी लागून मी म्हटलं, “अक्का, सिनेमात रंग नसतात.”

 अंधारात माझं मनगट शोधून तिनं असं दाबलं की बांगडी फुटली. म्हणाली, “कोनाले सांगू नको.”

“कधीपासून दिसत नाही?”

“माह्या तोंडाकडे पाहून लोकायनं डोळे देले त्याले. आता कोन्या तोंडानं सांगू? झाकली मूठ राहू दे.”

“आणि माझा बाप? उद्या सकाळी सुई घेतोय तो!”

“सगळ्यांचाच नाही बिघडत,” ती म्हणाली. एवढा राग मला जन्मात कुणाचा आला नाही. पडद्यावर डॉक्टर पट्टी सोडत होता, आंधळ्या सुनेला दिसायला लागलं होतं, आणि अख्खा तंबू शिट्ट्या मारत होता. दोराच्या पलीकडून माझा बापही टाळ्या वाजवत होता.

लेकीच्या घरी बाप मुक्कामाला राहत नाही, म्हणून तो देवळाच्या ओवरीत उतरला होता. तांबडं फुटताच मी तिथं पळाले. सगळं सांगितलं. तो चूळ भरत होता. ऐकून तांब्या खाली ठेवला आणि तोंड पुसलं. मग म्हणाला, “चार लोकांत विहीणबाई माले बोलाई राहिन्यात. आते उठी गऊ तर त्यास्ना शब्द खाले पडी. पोरी, तुले आठे नांदनं शे.”

“माझं इथलं नांदणं राहू द्या, डोळा तुमचा आहे, आबा!”

“मना शे, म्हनीसनच सांगस,” तो म्हणाला. डोळा त्याचा, तर ठरवणारही तोच.

लिंबाखाली गर्दी जमली. डोळेवाला सुई पुसत होता, अक्का मानानं शेजारी बसलेली. मला राहवलं नाही. मी सगळ्यांदेखत पुढे झाले, खाली पडलेलं नारळाचं शकल उचललं आणि अक्कापुढे धरलं. “अक्का, माझ्या हातात काय आहे सांगा.” अक्काचे ओठ हलले, शब्द आला नाही. लोक थांबले. आणखी एक क्षण गेला असता तर सगळं उघड झालं असतं. इतक्यात बाप माझ्यावर कडाडला, “सासूनी परीक्षा लेस का? लाज नही वाटत?” जन्मात तो मला असा बोलला नव्हता. त्यानं मला बाजूला सारलं, डोळेवाल्यापुढे मांडी घातली आणि डोकं मागे केलं. त्याला माझं खरं वाटलं होतं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. मान थरथरत होती.

सुई बाहेर आल्यावर त्याला झक्क दिसलं. “माले तुना कपायवरलं गोंदन बी दखाई राहिनं,” म्हणाला आणि माझ्या कपाळावर बोट ठेवून हसला. मी रडले, तर लोकांना वाटलं आनंदानं.

पावसाळा संपेपर्यंत तो डोळा गेला.

दिवाळीनंतर बाप माझ्या भावाचा हात धरून आमच्या ओसरीवर आला. अक्का समोर बसली. दोघांनी रामराम केला. अक्का म्हणाली, “तब्येत चांगली दिसते तुमची.” बाप म्हणाला, “तुम्हनीबी चांगली दिसस.” आणि दोघंही एकमेकांच्या खांद्यावरून भलतीकडेच पाहत होते. कुंपणापलीकडची शेजारीण हे ऐकत उभी होती. ती म्हणाली, “दोघायचेही बरे झाले ना? मग मी आमच्या मालकाले या वर्षी बसवतेच बाई.”

माझा तोल गेला. मी ओरडले, “नका बसवू! दोघंही आंधळे आहेत! ठार आंधळे!”

शेजारीण तशीच आत गेली. तिच्या नवऱ्याचे डोळे वाचले, पुढे जळगावच्या दवाखान्यात बरे झाले. बाप काठी चाचपत उठला आणि भावाला म्हणाला, “चाल. आते या पोरीले कोन नांदाडी?” त्यानंतर तो त्या घराची पायरी चढला नाही.

मी मात्र नांदले. मला कुणी हाकललं नाही, साधा एक शब्दही कुणी बोललं नाही. अक्काला हात धरून फिरवायला घरात कुणीतरी हवंच होतं. ज्या भीतीपायी माझ्या बापानं शेवटचा डोळा दिला, ती भीतीच खोटी निघाली.