ज्यांना टॅक्स लागू व्हायचा होता

आयकराच्या कामात आयुष्य गेलं, असं लग्नाच्या पंगतीत नुसतं म्हणून बघा. शेजारचा माणूस जिलबी बाजूला ठेवून जवळ सरकतो आणि विचारतो, "काय हो, लोक कसा कसा बुडवतात?" तसले किस्से ज्याच्या त्याच्याकडे असतात. माझ्याकडे कसे कोण जाणे, उलटेच साठत गेले. सगळे सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या दरम्यानचे. नगरमध्ये मी दिनकरराव वकिलांच्या ऑफिसात नुकताच ज्युनिअर म्हणून लागलो होतो, तेव्हाचे.

आमचे सगळ्यात मोठे पक्षकार म्हणजे कापडवाले शांतिलालशेठ. त्या काळी वरच्या उत्पन्नावरचा टॅक्स असा होता की ऐकूनच घशाला कोरड पडावी. शेठ दरवर्षी ऑफिसात येऊन तासभर कुरकुर करायचे. एकदा दिनकररावांनी सुचवलं, "शेठ, चार मुलं आहेत. धंद्याच्या कागदावर वाटण्या करून टाका. कायद्यात बसतं. टॅक्स निम्म्यावर येईल."

शेठ विचारात पडले. चहा गार झाला.

"वकीलसाहेब," ते शेवटी म्हणाले, "आज कागदावर घर फोडलं, की उद्या पोरं खरंच फोडतील. त्यापेक्षा सरकार स्वस्त पडतंय."

आणि पूर्ण टॅक्स भरला. कुरकुर अर्थातच चालू राहिली!

भिंगारला सुशीलाबाई डॉक्टर होत्या. कॅन्टोन्मेंटमधले लोक फी रोख द्यायचे, खेड्यांतून येणारे जमेल ते द्यायचे. एका वर्षी बाईंनी उत्पन्नात ज्वारी, शेंगा आणि कोंबड्या सांगितल्या. दिनकरराव म्हणाले, "बाई, हे कुणी विचारत नाही."

"माझी नर्स पगारावर जगते. तिला सगळा पगार दाखवावा लागतो," बाई म्हणाल्या. "मग मी कोंबड्या का लपवू?"

प्रकरण अधिकाऱ्यापुढे गेलं. मद्रासकडचा तरुण माणूस, मराठी नुकतंच बाजारात शिकलेला. त्याने गंभीरपणे विचारलं, "अंडी देणाऱ्या की न देणाऱ्या?"

"दोन देणाऱ्या. एक कोंबडा आहे."

"कोंबडा कशाची फी?"

"बाळंतपणाची. मुलगा झाला होता."

अधिकारी हसला नाही. त्याने बाजारभाव विचारून घेतला, हिशेबात धरला, आणि बाई निघाल्या तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिला. त्या खोलीत तो कुणासाठी उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

चांदभाई पेटीवाल्यांचं वेगळंच. पत्र्याच्या ट्रंका करायचे. दोन-तीन वर्षं धंदा बरा झाला, टॅक्स बसला, त्यांनी भरला. मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावोगावची लग्नं लांबली, ट्रंका पडून राहिल्या. दिनकरराव त्यांना चांगली बातमी सांगावी तसं म्हणाले, "चांदभाई, या वर्षी तुम्ही मर्यादेच्या खाली. काही भरायचं नाही."

चांदभाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे नाव काढून टाकणार?"

"काढणार कशाला? पण टॅक्स नाही."

"साहेब, रस्त्याने जाताना मी पोराला सांगायचो, या डांबरात आपला पण एक खडा आहे." "आता वर्षभर काय दुसऱ्यांच्या रस्त्यावरून चालू?"



पण आबांची गोष्ट निराळी. आबा राहुरीकडचे बागायतदार. ऊस दांडगा, विहीर खोल, फेटा पांढराशुभ्र. त्यांचा धाकटा भाऊ भिंगारला लष्करी स्टोअरमध्ये क्लार्क. दिवाळीला जेवताना धाकटा सहज बोलून गेला, "दादा, कमाई तुझी मोठी आणि टॅक्स मात्र माझा कापतात." बाकीचे हसले. आबा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते आमच्याकडे हजर.

"आमी दोगं एका आईची लेकरं," ते म्हणाले. "धाकट्याच्या पगारातनं कापत्यात आन माझं काईच न्हाई. ह्ये कसं?"

"शेतीच्या उत्पन्नाला हा टॅक्स नाही, आबा. कायदाच तसा आहे."

"म्या सोताहून दिला तर?"

"टॅक्स म्हणून घेणार नाहीत."

"द्येनारा उभा हाय आन घेनारा न्हाई? लई नवल हाय." आबांनी फेटा नीट केला. मग म्हणाले, "समजा, म्या पगारदार असतो, तर किती ग्येला असता? पैशात नगं, उसात सांगा."

दिनकररावांनी गंमत म्हणून मनातल्या मनात हिशेब केला. "धरा, उसाचा तिसरा हिस्सा."

आबांनी मान हलवली, राम राम केला आणि गेले.

पुढच्या उन्हाळ्यात एका कामासाठी आम्ही त्या बाजूला गेलो होतो. विहिरी आटलेल्या, रानं भगभगत होती. आबांच्या मळ्यापाशी बायांची रांग दिसली. इंजिन चालू होतं आणि पाइपाचं पाणी गावासाठी बांधलेल्या हौदात पडत होतं. रांगेत भांडण नव्हतं, घाई नव्हती. हौदाच्या पलीकडे बराच ऊस हिरवा उभा होता. त्याला लागून एक मोठा पट्टा मात्र पार वाळून पिवळा पडला होता. वाऱ्यावर त्याची पानं कागदासारखी वाजत होती.

दिनकरराव बांधावर थांबले. "आबा, एवढा उभा ऊस वाळवलात?"

"गावाला पानी पायजे हुतं. तेवढ्या रानाचं तोडलं."

"पण नेमकं एवढंच रान? कुणी ठरवलं?"

आबांनी त्यांच्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं.

"तुमीच की. तिसरा हिस्सा म्हनला हुता न्हवं?"